टेबलाच्या खणातून

कचेऱ्या संगणकीकृत झाल्या, कागद हद्दपार झाला, सातबारा एका क्लिकवर आला, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. ती फलकांवर छापून झाली, भाषणांत सांगून झाली, तिला पुरस्कारही मिळून झाले. इथे सांगायचं आहे ते फलकाच्या मागच्या बाजूचं. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की सापगावला भातसा नदी ओलांडावी लागते. दोन्ही तालुक्यांतल्या टेबलांवर जे जे नवं यंत्र गेलं, त्यातलं बरंचसं माझ्या टेम्पोतून या पुलावरून गेलं आणि मोडल्यावर याच पुलावरून परत आलं. माझा धंदा स्टेशनरीचा आणि यंत्रदुरुस्तीचा. साहेब बदली होऊन जातात, ठेकेदार बिल घेऊन जातो. यंत्राचं पुढे काय झालं हे तिघांनाच कळतं: वापरणारा लिपिक, पुसणारा शिपाई आणि उघडून बघणारा मी. कचेऱ्यांची नावं मात्र सांगणार नाही. पुढच्या मार्चची ऑर्डर मला प्यारी आहे.

टंकलेखन यंत्रापासून सुरुवात करू. गोदरेजने 1955 साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असेल. पडद्यामागची गंमत शेवटाची आहे. 2011 च्या एप्रिलमध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी मोठा गळा काढला की जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना भारतात बंद झाला. कारखाना म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचा. मृत्युलेख लिहिले गेले, जुन्या लेखकांच्या आठवणी निघाल्या. प्रत्यक्षात शिरवळचं उत्पादन 2009 मध्येच थांबलं होतं. जगाला कळायला दोन वर्षं लागली होती, इतकी त्याची आठवण जगाला येत होती! वर अमेरिकेतल्या न्यू जर्सीची स्विन्टेक कंपनी तक्रार करत पुढे आली की आमचे टाइपरायटर अजून चालू आहेत, आम्हाला जिवंतपणी का पोचवता. आणि शिरवळच्या त्या जागेचं काय? जगाने अश्रू ढाळले त्या जागी फ्रिज बनवायचं ठरलं होतं.

आमच्याकडे टाइपरायटरचा मृत्यू भारनियमनाने लांबवला. भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात, त्याचं पाणी मुंबईला आणि अंधार आमच्याकडे, अशी ती वाटणी. 2005 च्या पुढची काही वर्षं ग्रामीण भागात वीज दिवसाचे कित्येक तास नसायची. कचेऱ्यांत नवे संगणक आलेले, त्यांच्याखाली यूपीएसची पेटी, आणि वीज गेली की ती पेटी अशी ओरडायची की लिपिक आधी तिचं तोंड बंद करायला धावायचे आणि मग चालू पत्र साठवायला. तेवढ्यात पत्र गेलेलं असायचं. निर्लेखनाच्या यादीत नाव चढलेला टाइपरायटर मग कपाटामागून बाहेर निघायचा. एका कचेरीत तर मी त्या यंत्राची रिबन बदलून दिली आणि बिलावर लिहून घेतलं, ‘संगणक देखभाल’. टाइपरायटरसाठी तरतूद उरलेली नव्हती. संगणकासाठी होती.

संगणकाचे लाडही आठवतात. सुरुवातीला त्याला स्वतंत्र खोली, काचेचं दार, दाराबाहेर चपला काढायची पाटी, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचं आवरण आणि खोली थंड ठेवायला वातानुकूलन यंत्र. बाकी सगळ्या कचेरीला छताचे कुरकुरते पंखे. एप्रिल-मेमध्ये मुरबाडचं ऊन कसं असतं हे म्हसा गावाच्या बाजूला दुपारी फिरलेल्यांना सांगायला नको. पहिल्याच उन्हाळ्यात एका साहेबांच्या लक्षात आलं की संगणकाच्या कामावर त्यांचं वैयक्तिक लक्ष असणं प्रशासकीयदृष्ट्या आवश्यक आहे. त्यांची खुर्ची आत गेली, मग टेबल गेलं, मग भेटायला येणारे गेले. जून उजाडेपर्यंत जागा पुरेना म्हणून संगणक बाहेर काढून आवक-जावक रजिस्टरांशेजारी ठेवण्यात आला. वातानुकूलन यंत्र आतच राहिलं.

फाँटचा किस्सा तर प्रत्येक मराठी कचेरीचा आहे, फक्त कोणी सांगत नाही. देवनागरी संगणकावर आणण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकने मोठं काम केलं. ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, इन्स्क्रिप्ट हा कळफलक, सगळं भारतीय लिप्यांच्या तर्काने आखलेलं. 1991 मध्ये त्याला राष्ट्रीय मानकात जागा मिळाली. तज्ज्ञ खूश. पण कचेरीतल्या टंकलेखकाची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांवर घडलेली. त्याने नवा कळफलक पाहिला, चहा मागवला आणि विचारलं, ‘‘जुना यात बसतो का?’’ बसवावा लागला. तर्कशुद्ध कळफलक मानकात राहिला आणि पत्रं जुन्याच बोटांनी निघू लागली. टाइपरायटर भंगारात गेला तरी त्याच्या कळांची जागा आजही शेकडो संगणकांत तशीच आहे.

त्यात प्रत्येकाचा फाँट वेगळा. शहापूरच्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी, कचेरीत सुरेख, ठाण्याहून आलेला मजकूर तिसऱ्याच कशात. पेन ड्राइव्ह लावला की पडद्यावर ‘माननीय’च्या जागी कंस, टिंबं आणि उद्गारचिन्हांची रांग. एका गावच्या ग्रामसभेचा ठराव असाच वर गेला आणि वरून शेरा आला, ‘मजकूर अवाचनीय, खुलासा करावा.’ खुलासाही त्याच फाँटमध्ये गेला. शेवटी एका हुशार लिपिकाने तोडगा काढला. त्याने ठराव छापला, खाकी पाकिटात घातला आणि एसटीच्या वाहकाकडे दिला. संध्याकाळी तो वाचनीय अवस्थेत पोचला.

चुका झाकणाऱ्या पांढऱ्या द्रवाची जन्मकथा अमेरिकेत गाजलेली आहे. डॅलसच्या एका बँकेतल्या सचिव बेट्टी नेस्मिथ ग्रॅहम यांना नव्या विद्युत टाइपरायटरवर चुका खोडता येईनात. बँकेच्या काचांवर नाताळची चित्रं रंगवणारे कलाकार चुकलेल्या जागी वरून रंग देतात हे त्यांनी पाहिलं आणि पांढरा रंग बाटलीत भरून त्या कामावर नेऊ लागल्या. 1956 मध्ये त्यांनी ‘मिस्टेक आउट’ नावाने ती बाटली विकायला काढली. पुढे तीच ‘लिक्विड पेपर’ झाली. 1979 मध्ये जिलेट कंपनीने हा धंदा 4 कोटी 75 लाख डॉलरला घेतला. गंमत मधली आहे. बाईंची बँकेतली नोकरी गेली ती टंकलेखनातल्या चुकीमुळेच: बँकेच्या पत्राखाली त्यांनी चुकून स्वतःच्या कंपनीचं नाव टाइप केलं होतं. ती एक चूक तेवढी पांढरी करायची राहून गेली.

आमच्याकडे त्या बाटलीचं वजन निराळं. जमिनीच्या कागदावर पांढरा ठिपका दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि कधीकधी तो योग्यच असतो. समृद्धी महामार्गाची मोजणी आमच्या तालुक्यात सुरू झाल्यापासून तर एकेका गुंठ्याचा भाव पाहता ठिपक्याखाली काय होतं हा प्रश्न बंगल्याएवढा मोठा झाला. महसुली नोंदीत खाडाखोड करायची तर चूक वाचता येईल अशी एक रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, हा जुना शिरस्ता. म्हणून जाणत्या मंडळींच्या टेबलावर ही बाटली कधीच दिसायची नाही. खणात असायची.

मराठी माणसाने कचेरीला आणि छापखान्याला नवं काय दिलं, असं कोणी टोमणा मारून विचारलं की मी शंकर आबाजी भिसे यांचं नाव घेतो. 1867 साली मुंबईत जन्मलेला हा माणूस कल्पक खटपटींचा कारखाना होता. वाण्याच्या दुकानातलं वजनकाट्याचं यंत्र सुचवून त्याने लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. दादाभाई नौरोजींनी विलायतेत त्याची पाठराखण केली. छपाईचे खिळे पाडणारं ‘भिसोटाइप’ यंत्र त्याने उभं केलं तेव्हा त्या धंद्यातल्या बड्या कंपन्यांनी भुवया उंचावल्या. पैसे उभे करणारे आले आणि गेले. त्या काळच्या सर रतनजी टाटांनी 1910 च्या सुमारास भांडवल घातलं, ती भागीदारीही काही वर्षांत आटोपली. भिसे अमेरिकेला गेले आणि तिथे नाव झालं ते आयोडीनच्या औषधाने! पण मला आवडणारा त्यांचा शोध वेगळाच. मृतात्म्यांशी बोलण्यासाठी त्यांनी ‘आत्म्यांचा टाइपरायटर’ही बनवला होता. सरकारी कचेरीत तो विकला गेला नाही याचं मला नवल वाटतं. मृतांच्या नावे चालणाऱ्या पत्रव्यवहाराला तिथे कधीच तोटा नव्हता.

शाईच्या गोष्टीत प्राणी आहेत. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तेव्हा छाप घोड्याचा होता. पुढे उंट आला. का आला, याबद्दल इराणी हॉटेल आणि सिगारेटचं पाकीट अशी एक कथा सांगतात. खरीखोटी दांडेकरच जाणोत. माझा कयास धंद्याचा आहे: उंट एकदा प्यायला की पुष्कळ चालतो, आणि फाउंटन पेनकडून गिऱ्हाइकाची हीच अपेक्षा असते. विलायती शाईशी झुंजून उभा राहिलेला हा स्वदेशी उंट चांगला टिकला, कंपास पेट्या आणि रंगखडूंसकट दोन-तीन पिढ्यांच्या दप्तरात गेला. 2011 मध्ये त्याची दोरी जपानच्या कोकुयो कंपनीच्या हाती गेली.

पेनाचं खरं नाट्य मात्र खिडकीवर घडतं. दोरीने बांधलेलं पेन तुम्ही बँकेत, टपालात पाहिलं असेल. दोरी बांधायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. तिची लांबी कशी ठरते ते फार थोड्यांना. लांब ठेवली तर माणूस पेन कानाला लावून निघतो आणि काउंटर मागे ओढलं जातं. आखूड ठेवली तर सही अर्जावर न होता टेबलावर होते. शेवटी अनुभवी कर्मचाऱ्याने दोरीच सोडून दिली. तो पेन देतो, टोपण स्वतःच्या खिशात ठेवतो. बिनटोपणाचं पेन खिशात घालायची हिंमत पांढऱ्या सदऱ्यातला माणूस करत नाही, आणि आमच्याकडे पेन पळवण्याइतका प्रतिष्ठित माणूस पांढऱ्या सदऱ्यातच असतो.

आता पिवळ्या चिकट चिठ्ठीकडे येतो. तिची अधिकृत कथा अशी: थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 मध्ये जोरदार गोंद बनवायला घेतला आणि निघाला तो नीट न चिकटणारा. काही वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. मग त्यांचा सहकारी आर्ट फ्राय चर्चमध्ये गाताना भजनाच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या खाली पडतात म्हणून वैतागला आणि त्याला तो गोंद आठवला. 1977 मध्ये चार शहरांत विक्री करून पाहिली, ती आपटली. मग बॉयझी गावात फुकट वाटल्या, लोकांना सवय लागली आणि 1980 मध्ये माल बाजारात धावू लागला. पिवळा रंग कशाने आला? शेजारच्या प्रयोगशाळेत रद्दी पिवळी होती म्हणून.

या चिठ्ठीचा सर्वोत्तम उपयोग मात्र आपल्या कचेऱ्यांनी शोधला, आणि त्यात अण्णा हजारेंचा नकळत हातभार आहे. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा 2005 मध्ये आला. फाईलवरची टिपणी लोकांना दाखवावी लागू नये अशी दुरुस्ती पुढच्याच वर्षी घाटत होती. ऑगस्ट 2006 मध्ये अण्णा आळंदीला उपोषणाला बसले आणि सरकारने दुरुस्ती मागे ठेवली. टिपणी उघडी राहिली. म्हणजे ‘हे आपले आहेत, पाहून घ्या’ हे वाक्य आता लिहायचं कुठे? उत्तर चिकटून तयार होतं. चिठ्ठी लावा, खालच्याने वाचावी, काम करावं, चिठ्ठी काढावी, फाईल धुतल्या तांदळासारखी. सिल्व्हर यांचा गोंद अमेरिकेत इतकी वर्षं नापास ठरला तो मागे खूण न ठेवता निघतो म्हणून. आमच्याकडे तो पहिल्या दिवशीच पास झाला, तोही त्याच कारणाने. ज्या वर्षी तपासणीची चाहूल लागे, त्या वर्षी या चिठ्ठ्यांची माझी विक्री वाढे.

कागद फाडणारं यंत्र मात्र हरलं. मार्चअखेर उरलेल्या निधीतून ते एका कचेरीने घेतलं. वास्तविक सरकारी कागद मनाला येईल तसा फाडता येत नाही. त्याचे अ, ब, क, ड असे वर्ग, प्रत्येकाचं आयुष्य ठरलेलं, आणि सहा गठ्ठे पद्धतीत नष्ट करायच्या कागदांचाही वेगळा गठ्ठा. तो गठ्ठा यंत्रात घातला आणि यंत्र कडकन थांबलं. दातांत टाचणी. मग टाचण्या काढायला एका शिपायाला बसवलं, काढलेल्या टाचण्या वाया जाऊ नयेत म्हणून उशी मागवली, आणि काय काय फाडलं याची रीतसर यादी करायला एक जाड नोंदवही घेतली. वर्षअखेर हिशेब मांडला तेव्हा यंत्राने जितका कागद संपवला त्याहून अधिक त्याच्यासाठी खरेदी झाला होता. यंत्र मीच परत आणलं. त्यातून निघालेल्या पट्ट्यांत काचेचे पेपरवेट गुंडाळून दुसऱ्या कचेरीला पाठवले.

अंगठ्याची गोष्ट सर्वात लांब पल्ल्याची आहे. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा गोरा अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा करार राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी झाला. ठेकेदाराने उद्या हात झटकू नयेत म्हणून हर्शेलने त्याचा अख्खा पंजाच करारावर उमटवून घेतला. शाई कोणती वापरली? कचेरीच्या मोहोरेसाठी घरी केलेली तेलाची शाई. म्हणजे ठशांच्या जगप्रसिद्ध शास्त्राची सुरुवात शिक्क्याच्या शाईने आणि खडीच्या ठेकेदारावरच्या अविश्वासाने झाली. यातली पहिली गोष्ट आता इतिहासजमा झाली आहे.

पुढचा भाग अधिक कडू. कलकत्त्यात 1897 मध्ये ठशांची कचेरी निघाली. लाखो ठशांतून एक शोधायचा कसा, याचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हाताखालच्या माणसांनी बसवलं. पद्धतीला नाव मिळालं साहेबाचं: ‘हेन्री पद्धत’. एडवर्ड हेन्री लंडनच्या पोलिसांचे प्रमुख झाले. हक आणि बोस यांच्या वाट्याला बक्षीस आणि पदवी आली, तीही पुष्कळ उशिराने. आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही लिपिकाला ही गोष्ट सांगा, तो आश्चर्य दाखवत नाही. फक्त विचारतो, ‘‘साहेबांनी मसुद्यावर सही तरी स्वतः केली होती का?’’

तोच अंगठा पुढे हजेरीच्या यंत्रावर आला. बायोमेट्रिक यंत्र बसवायला गेलं की पहिला वाद जागेचा. साहेबांना ते आपल्या दारासमोर हवं, कर्मचाऱ्यांना फाटकाजवळ. कारण सांगायचं ‘गर्दी होते’. खरं कारण असं की फाटकाजवळ थंब मारून माणूस रिक्षेतून न उतरता चहाला जाऊ शकतो. एका ठिकाणी यंत्र अखेर व्हरांड्यात बसलं, पहिल्या पावसात भिजलं आणि सगळ्यांना रात्री बारा वाजता हजर दाखवू लागलं. महिनाअखेर पगाराच्या वेळी जी मंडळी यंत्राला शिव्या घालत होती तीच रात्रपाळीचा भत्ता मिळतो का याची चौकशी करायला आली. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे बोट टेकवायची हजेरी सरकारनेच थांबवली. शेवटच्या यंत्रावरची धूळ पुसायला गेलो तर त्यावर कोणीतरी हार घातलेला होता. श्रद्धांजलीचा की दसऱ्याचा, कोणी सांगेना.

माळशेजच्या पायथ्याशी आणि डोळखांबच्या आतल्या गावांत अडचण वेगळी. यंत्र चांगलं, वीज आहे, रेंज नाही. रेशनच्या ई-पॉस यंत्राला सर्व्हर लागतो आणि सर्व्हरला टेकडी. मग दुकान खाली आणि यंत्र वर. माणसं टेकडी चढतात, अंगठा देतात, उतरून धान्य घेतात. हजेरीच्या मोबाइलचंही तेच. कर्मचारी हजर असल्याचं सिद्ध करायचं तर त्याला कचेरी सोडून टेकडीवर जावं लागतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांना कचेरीत कोणीच सापडलं नाही. ऑनलाइन हजेरी मात्र शंभर टक्के होती.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली हे जगभर छापून आलं. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या शाळेत जाऊ लागल्या, सही करायला शिकल्या. माझ्या शिक्क्याच्या गादीला तो धक्काच होता. पण गादीवाल्याला देव तारतो. त्याच सुमारास रेशनच्या दुकानांत ई-पॉस आलं. त्या शाळेतली नव्हे, पण त्याच वयाची एक आजी दुकानात मोठ्या ऐटीत सही करायला पुढे झाली. दुकानदार म्हणाला, ‘‘आजी, सही नको, अंगठा ठेवा.’’ ती भडकली, ‘‘सही शिकले ती काय उगाच? फिरून अंगठाच मागतोस व्हय रे?’’ मग अंगठा ठेवला, तर यंत्र म्हणालं ओळख पटत नाही. लावणी, वीटभट्टी आणि भांडी यांत रेषा झिजून गेलेल्या. तिने अंगठा डोक्यावरच्या तेलकट केसांत घासला आणि पुन्हा ठेवला. पटली ओळख. यंत्र बनवणाऱ्यांच्या माहितीपुस्तकात खोबरेल तेलाचा उल्लेख नाही. आमच्याकडे त्यावाचून यंत्र चालत नाही.

त्या यंत्रातून निघणाऱ्या पावत्यांनीही एक तमाशा केला. उष्णतेने अक्षर उमटणारा तो कागद काही महिन्यांत पांढरा पडतो. एका सावध गृहस्थाला हे कळलं होतं. पुढे भानगड नको म्हणून त्याने मोठ्या रकमेची पावती जपायचं ठरवलं आणि शहाणपणाने ती लॅमिनेट करायला नेली. लॅमिनेशनचे रूळ गरम असतात. पावती एका बाजूने पांढरी आत गेली आणि दुसऱ्या बाजूने काळीकुट्ट बाहेर आली, चकचकीत, वॉटरप्रूफ, आयुष्यभर टिकेल अशी. ती त्याने कचेरीत दाखल केली. तिथे तिची नक्कल मागितली गेली, आणि नक्कल मूळ प्रतीबरहुकूम निघाली.

या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. टेबलावरची वस्तू कशासाठी बनवली हे तिच्या डब्यावर छापलेलं असतं, आणि ती कशासाठी आहे हे टेबलामागचा माणूस ठरवतो. कधी लबाडीने, कधी नाइलाजाने, बहुतेकदा दोन्हींच्या मधल्या हुशारीने. म्हणून माझ्या दुकानात आता लॅपटॉपचे स्टँड, यूएसबीवरचे पंखे, मोबाइल टेकवायची हत्तीची मूर्ती असं सगळं नवंही आहे, आणि खाली दाभण, सुतळी, टॅग आणि लाखही आहे. यूएसबीचे पंखे हातोहात खपतात. संगणकाला लावायचे म्हणून घेतात आणि यूपीएसवर चालवतात. वीज गेली की संगणक बंद करतात, पंखा चालू ठेवतात.

राहिला सातबारा. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. प्रत 15 रुपयांची आणि तिच्यावर छापील ओळ की सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. माणूस ती प्रत घेऊन कर्जाला जातो, टेबलामागचा ती उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, ‘‘शिक्का कुठाय?’’ माणूस ओळ दाखवतो. टेबलामागचा म्हणतो, ‘‘ते छापलेलं आहे हो, शिक्का पाहिजे.’’ सेवा केंद्र चालवणारा एक पोरगा या खेपांना कंटाळला आणि गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘काका, एक गोल शिक्का बनवून द्या. जांभळी शाई, मध्ये तारा, कडेला अक्षरं.’’

कोणती अक्षरं, मी विचारलं. त्याने चिठ्ठी पुढे केली: ‘या प्रतीवर शिक्क्याची आवश्यकता नाही.’

बनवून दिला. त्यानंतर त्याची एकही प्रत परत आलेली नाही.